दार लोटून केलेला पुकारा

माझ्या सासऱ्यांना अख्खं कोर्ट ‘भोंगा’ म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. उलट एखादा नवा वकील फार अदबीनं ‘काका, काका’ करायला लागला की ते म्हणायचे, “हा अजून रुळला नाही.” एकतीस वर्षं त्यांचं काम एकच. कोर्टाच्या दारात उभं राहायचं आणि ज्याचं प्रकरण निघालं असेल त्याच्या नावाचा पुकारा करायचा, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत माणूस आला नाही तर तो गैरहजर, आणि गैरहजर माणसाचं प्रकरण तिथल्या तिथे निकाली.

आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही. कोर्ट दुमजली. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूनं लांबलचक गॅलरी आणि त्या गॅलरीत मामंजी उभे. खाली रस्ता, बसथांबा, भांडणारे रिक्षावाले. रस्त्याच्या पलीकडे माझी टायपिंगची टपरी: एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि चाळीस कागद काढले की एक गिळणारं झेरॉक्स मशीन. एवढं सगळं ओलांडून मामंजींचा पुकारा माझ्या टेबलापर्यंत यायचा. नाव, वडिलांचं नाव, राहणार कुठला, अक्षर अन् अक्षर सुटं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात तो पहिल्यांदा ऐकला आणि हातातला स्टेपलर ठेवून मी चक्क उभी राहिले. कारण हाच माणूस सकाळी घरात ‘चहा आहे का’ हे इतक्या हळू विचारायचा की सासूबाई म्हणायच्या, “भिंतीला विचारताय की मला?”

माझा सगळा धंदा त्या आवाजावर चालायचा. रोज सकाळी कोर्टाचा ‘बोर्ड’ लागतो, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी. तिची एक प्रत मी टपरीच्या फळीवर चिकटवायचे आणि वरून पुकारा आला की त्या नंबरापुढे पेन्सिलीनं खूण करायचे. लोक माझ्याकडे निवांत बसायचे. “अकरावा झाला, तुमचा चौदावा, चहा पिऊन या,” असं मी बिनधास्त सांगायचे. दहा वर्षांत माझ्यामुळे एकाचाही पुकारा चुकला नाही, याचा मला भारी गर्व होता. गर्व माझा, घसा मामंजींचा.

तो घसा ते लहान मुलासारखा जपायचे. सकाळी कोमट पाण्याच्या गुळण्या, थंड काही नाही, तिखट काही नाही, लग्नकार्यात मोठ्यानं हसणंसुद्धा नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, “मामंजी, गवयी झाला असतात तर नाव तरी झालं असतं.” ते गंभीरपणे म्हणाले, “गवयाचं गाणं चुकलं तर लोक घरी जातात. माझा पुकारा चुकला तर माणसाचं घर जातं.”

पुकारा कसा करावा याचं त्यांचं एक शास्त्र होतं. दोन पुकाऱ्यांच्या मध्ये तीस आकडे मोजायचे, मनात, सावकाश. एका म्हाताऱ्याच्या वेळचा किस्सा अजून कोर्टात सांगतात. जमिनीचा वाद होता, म्हातारा तारखेला आला होता, पण ऐन वेळी त्याच्या पोटात कळ आली आणि तो खाली संडासात गेला. दोन पुकारे झाले. न्यायाधीश आतून ओरडले, “तिसरा करा!” मामंजी गॅलरीत तसेच उभे. साहेबांनी बेल वाजवली. मामंजी आत जाऊन म्हणाले, “साहेब, तिसरा होईपर्यंत कोणी गैरहजर नसतो.” आणि स्वतः खाली जाऊन संडासाच्या दारावर टकटक करून म्हणाले, “आजोबा, घाई करू नका, पण करा.” त्यावर साहेबांनी रागवायचं की हसायचं, हे ठरेपर्यंत म्हातारा धोतर सावरत हजर झाला होता.

“पहिले दोन पुकारे कोर्टाचे,” मामंजी म्हणायचे, “तिसरा देशाचा.” असलं वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी तोंड फिरवून हसले असते. त्यांच्यापुढे हसू यायचं नाही. त्यांना ते खरंच वाटायचं. कुठल्याही फाटक्या माणसाला त्याच्या पूर्ण नावानिशी, वडिलांच्या नावासकट, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलवतात आणि म्हणतात, ये, तुझं ऐकायचंय. असा आपला देश आहे, यावर त्यांची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेपुढे मी कायम थोडी भांबावलेली असायचे.

याच श्रद्धेपायी त्यांचं पोटच्या मुलीशी वाकडं आलं. माझी नणंद अकरा वर्षांपूर्वी परदेशी गेली आणि पुढे तिनं तिथलंच नागरिकत्व घेतलं. इथे तिनं परीक्षेत पहिला नंबर काढूनही नोकरी भलत्याच कोणाला मिळाली होती. तिनं तक्रार केली, तर तक्रारच हरवली. जाताना ती म्हणाली होती, “बाबा, इथे काही राहिलेलं नाही.” मामंजी दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. नंतर दर रविवारी फोनवर बोलायचे, पण फिरून फिरून गाडी तिथेच. ती म्हणायची, “तुमच्या देशात...” आणि हे म्हणायचे, “माझ्या? बरं. माझ्या देशात गरिबालाही तीनदा बोलावतात.” मग सासूबाई फोन हिसकावून घेऊन हवापाण्याचं विचारायच्या.

मामंजींच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी निवडणूक झाली. आमच्या वस्तीचं मतदान जवळच्या शाळेत असतं आणि मामंजी दर वेळी इस्त्रीचा कोट घालून रांगेत पहिले. मतदान केंद्राच्या प्रमुख होत्या त्याच शाळेतल्या गणिताच्या बाई. त्या निवडणुकीत मोजणी केंद्रावरच होती; संध्याकाळी ती झाली, तक्ता भरला गेला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, बाईंनी नियमाप्रमाणे एक प्रत आपल्याकडे ठेवली आणि पेटीला सील लावलं. तिसऱ्या दिवशी निकाल जाहीर झाला तर त्यांच्या शाळेचे आकडे बरोबर उलटे. ज्याला चारशे अकरा होती त्याला शहाण्णव, आणि शहाण्णववाल्याला चारशे अकरा.

दुसरं कोणी असतं तर जाऊ दे म्हटलं असतं. पण गणिताच्या बाई! त्यांनी कोर्टात अर्ज केला: पेटी माझ्यासमोर उघडा आणि मोजा, बाकी माझं काही म्हणणं नाही. वकील कोणी मिळेना, म्हणून स्वतःच लिहिला, आणि टाईप करायला माझ्याकडे आल्या. अर्ज दीड पानांचा होता. मी त्यात एक स्वल्पविराम जास्त घातला तर तोही त्यांनी काढायला लावला.

दोन तारखा नुसत्याच पडल्या. तिसरी तारीख बुधवारची, बोर्डावर सतरावा नंबर. बाई दहा वाजता आल्या, माझ्याकडून तक्त्याची आणखी एक झेरॉक्स घेतली आणि वर गेल्या. मी माझ्या कामाला लागले. पंधराव्याचा पुकारा आला, खूण केली. सोळाव्याचा आला, खूण केली. मग बराच वेळ काही नाही. मग अठरावा. मला वाटलं, सतरावा पुढे ढकलला असेल. होतं असं कधी कधी.

एक वाजता बाई खाली आल्या. चेहरा शांत, पण हातातली पिशवी त्यांनी छातीशी घट्ट धरली होती.

“अर्ज काढून टाकला,” त्या म्हणाल्या. “मी गैरहजर होते म्हणे.”

“असं कसं? तुम्ही कुठे होतात?”

“दारासमोरच्या बाकावर. तिथून दाराच्या बिजागऱ्या मोजता येतात. मी मोजल्यासुद्धा, तीन आहेत. मध्येच कोणीतरी दार लोटून घेतलं. मी म्हटलं, आत काही खासगी चाललं असेल. मला कोणी बोलावलंच नाही.”

“छे हो! आमच्या मामंजींचा पुकारा इथपर्यंत येतो. बाकावर कसा ऐकू येणार नाही?”

“मग तुम्ही ऐकलात?”

मी फळीवरच्या यादीकडे पाहिलं. सतरापुढे कोरं होतं. आम्ही राहतो ते घर कोर्टाचं, टपरीचा परवाना कोर्टाच्या हेडक्लार्कच्या सहीचा, मामंजींच्या निवृत्तीला चार महिने राहिलेले. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि मी म्हटलं, “गर्दी होती, बाई. माझं लक्ष नसेल.” बाईंनी स्वतः यादीवर नजर टाकली. पंधरा, सोळा, अठरा, असं पुटपुटल्या आणि निघून गेल्या. मला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. तो लावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी गेले तर मामंजी कोट न काढताच खुर्चीत बसलेले. सासूबाई नव्या पडद्यांना हूक लावत होत्या. दोन महिने खपून त्यांनी ते पडदे शिवले होते. नवरा पंपिंग स्टेशनवर पाळीला गेला होता. आम्ही तिघं जेवायला बसलो. मी यादी फळीवरून काढून आणली होती, ती ताटाशेजारी ठेवली.

“मामंजी, सतरापुढे माझी खूण नाही.”

“नोंदवहीत आहे. तीनदा पुकारा केला, कोणी हजर नाही. सही आहे माझी.”

“मला ऐकू आला नाही.”

“अगं, जेवू तरी दे त्यांना,” सासूबाई म्हणाल्या.

“दार लोटलेलं होतं,” मामंजी म्हणाले.

“का?”

“वारा येत होता.”

हे बोलले आणि त्यांनी चमचा खाली ठेवला. आपल्याच तोंडून काय निघालं ते त्यांना ऐकू आलं असावं, कारण त्यानंतर ते थांबले नाहीत. सकाळी हेडक्लार्कनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “सतराव्याचा पुकारा आज आतच करा. दार लोटून घ्या, वारा येतो.” हेडक्लार्क निघून गेला तेव्हा गॅलरीसमोरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. तरी मामंजींनी दार लोटलं, दाराकडे तोंड केलं आणि तीनदा पुकारा केला. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, राहणार कुठली. मध्ये तीस-तीस आकडेही मोजले. फक्त आवाज घरातला, चहा मागायचा.

“नियम मोडला नाही, असं मी स्वतःला सांगत होतो,” ते म्हणाले. “तीनदा म्हणजे तीनदा. मोठ्यानं असं कुठे लिहिलंय? तिसरा झाला आणि मी वळलो. साहेबांपुढे आदेश होता. टाईप केलेला, सूनबाई. ‘अर्जदार वारंवार पुकारूनही गैरहजर’. माझा पुकारा संपायच्या आधी तो टाईप होऊन पडला होता. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, पुढचा.”

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

“मी एकतीस वर्षं समजत होतो की आतला कागद कोरा असतो,” मामंजी म्हणाले. “असे किती कागद आधीच लिहिलेले असतील? आणि मी बाहेर उभा राहून घसा फोडून लोकांना बोलावत होतो, या, या, तुमचं ऐकून घेणार आहेत!”

त्यांचा चेहरा मी पाहिला. घरात कोणी गेलं की माणसं अशी बसतात. आमच्याकडे कोणी मेलं नव्हतं, पण त्यांचा देश गेला होता. मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी टपरी उघडली. माझ्यापुढे दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्या मागे, रांगेत, कोट घालून मामंजी उभे. मी म्हटलं, “हे काय, पुढे या की.” ते म्हणाले, “नंबरानं.” आणि उभे राहिले. पहिल्याचा भाडेकरार, दुसऱ्याच्या आठ झेरॉक्स. मशीननं चाळिसाच्या आधीच एक कागद गिळला. मग मामंजी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.

“प्रतिज्ञापत्र आहे. अर्जदार बाईंच्या बाजूनं.”

त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. एकदाही ते अडखळले नाहीत. ‘मी वरिष्ठांच्या सांगण्यावरून दार लोटून, अर्जदारास ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुकारा केला. नोंदवहीत केलेली नोंद खोटी आहे व ती खोटी आहे हे मला ती करताना माहीत होते.’ मी म्हटलं, “मामंजी, ‘वरिष्ठांच्या दबावाखाली’ असं घालू का?”

“दबाव कसला? त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. नाही म्हणायला मला तोंड होतं.”

अशा गोष्टी मी दिवसाला दहा टाईप करते. लोक स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात स्वतःला किती गोंडस करून ठेवतात ते मला विचारा. त्या दिवशी एक माणूस माझ्यासमोर बसून स्वतःविरुद्ध एकेक शब्द पारखून घेत होता, आणि मला असं वाटलं की मी उभं राहून टाईप करायला हवं. प्रिंट काढली. मग मी पिशवीतून कालची यादी काढली आणि म्हटलं, “ही जोडू?”

“तुझी टपरी जाईल.”

“माहीत आहे.”

“नवऱ्याला विचारलंस?”

“तुम्ही बायकोला विचारलंत?”

ते पहिल्यांदा जरासे हसले. मी यादीवर सही केली. सही करताना भीती वाटली, खोटं कशाला सांगू. शूर मी नव्हते. पण आदल्या दिवशी बाईंना ‘लक्ष नसेल’ म्हटलं होतं, ते मला खोडायचं होतं.

सासूबाईंना दुपारी कळलं. त्या खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंत तर पडदे तरी शिवले नसते.” मग खुर्चीवर चढून त्यांनी पडदे काढायला सुरुवात केली. नवऱ्याला घरी आल्यावर सांगितलं, तर तो आधी डोक्याला हात लावून बसला आणि मग खोकी आणायला गेला. मला त्या घराचं फार नवल वाटलं. रडारड होईल, आदळआपट होईल असं मी धरून चालले होते.

मामंजी तीन दिवसांत निलंबित झाले. बाईंचा अर्ज पुन्हा घ्यायचा की नाही याची सुनावणी महिन्यानं लागली, दुसऱ्या न्यायाधीशांपुढे. गॅलरीत नवा माणूस उभा होता, त्याचा आवाज जिन्यापर्यंतही जात नव्हता. कोर्ट खच्चून भरलेलं. वकील, कारकून, ज्यांचं त्या दिवशी काही काम नव्हतं तेही. मामंजी साध्या शर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. कोटाशिवाय ते एवढे लहान दिसतील असं मला वाटलं नव्हतं.

सरकारी वकिलानं नोंदवही पुढे केली. “ही सही तुमची?”

“माझी.”

“वर लिहिलंय, तीनदा पुकारा केला. आता म्हणता, ऐकू जाईल असा केलाच नाही. मग खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?”

“तेव्हा.”

“एकतीस वर्षं नोकरी केली या कोर्टात. त्याची काही चाड?”

मामंजी काहीतरी बोलू लागले आणि तो त्यांचा जुना आवाज होता. खिडकीची तावदानं थरारली. न्यायाधीश दचकून म्हणाले, “हळू बोला!”

“हळू बोललो म्हणूनच इथे उभा आहे, साहेब.”

मागे कोणीतरी हसलं आणि मग कोणीच हसेना. एका म्हाताऱ्या वकिलानं चष्मा काढला आणि पुसत राहिला. मी दहा वर्षं त्या माणसाच्या घरात जेवले, त्याचे शर्ट वाळत घातले, आणि त्याची उंची मला त्या दिवशी कळली.

दहा दिवसांनी आदेश आला. मी तो इतक्यांदा वाचलाय की पाठ आहे. ‘सदर साक्षीदार स्वतःच खोटी नोंद केल्याचे कबूल करतो. अशा माणसाच्या शब्दावर विसंबता येत नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे.’ माझ्या यादीबद्दल एक ओळ होती: ‘टपरीवरील पेन्सिलीच्या खुणा.’ बस, एवढंच. मामंजी बडतर्फ झाले, महिन्याभरात घर सोडायचं होतं. माझा परवाना आठवड्याच्या आत रद्द झाला. खरं बोलल्याची शिक्षा खोटेपणाच्या नावाखाली दिली होती आणि तीसुद्धा किती बिनचूक भाषेत! टायपिंगची एक चूक सापडली नाही मला.

त्या रविवारी फोन मामंजींनी लावला. एरवी लेक लावायची. आम्ही सगळे बांधलेल्या खोक्यांवर बसलो होतो. मामंजी म्हणाले, “बाळ, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. इथे काही राहिलेलं नाही. मी उगाच तुझ्याशी भांडलो.”

अकरा वर्षं हे वाक्य ऐकायला ती टपली असेल असं मला वाटायचं. पण ती हुंदके देत म्हणाली, “असं नका म्हणू, बाबा. मला बरोबर नव्हतं ठरायचं. तुम्ही तिथे उभे आहात एवढ्यावर मी लोकांना सांगायचे, माझा देश तसा वाईट नाही.” सासूबाईंनी फोन घेतला खरा, पण हवापाण्याचं काही त्यांना विचारता आलं नाही.

आम्ही सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. मी एका वकिलाकडे टायपिंगला लागले. मामंजी दिवसभर खिडकीत बसायचे. पेपर घेणं त्यांनी बंद केलं. पुढच्या निवडणुकीचं नाव काढलं तर उठून आत जायचे. कोणी ‘होईल हो सगळं ठीक’ म्हटलं की ते सभ्यपणे म्हणायचे, “नाही होणार.” त्यात राग नव्हता. मला ते फार लागायचं. आणि तरी मी त्यांच्याकडे बघत राहायचे, कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. प्रतिज्ञापत्र द्यायला रांगेत उभे होते तेव्हाही त्यांचा विश्वास उडालेलाच होता. काही उपयोग होणार नाही हे त्यांना त्या सकाळी माहीत होतं. विश्वास असताना खरं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. तो गेल्यावरही बोलणारा हा एकच.

दोन महिन्यांनी गणिताच्या बाई आल्या. जिना चढून दमल्या होत्या. मामंजी खिडकीतून उठले, त्यांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभेच राहिले. बाई म्हणाल्या, “तुमचे आभार मानायला येणार होते, पण ते काही जमेना. एकच विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही नेहमीसारखा पुकारा केला असता, मी आत आले असते. मग काय झालं असतं?”

“तेच झालं असतं,” मामंजी म्हणाले. “आदेश तयार होता. दुसरं काहीतरी कारण घालून पुन्हा तयार केला असता. पण तुमच्या तोंडावर झालं असतं. साहेबांना तुमच्याकडे बघून सही करावी लागली असती.”

खालून कोणीतरी सायकलच्या चाकावर हातोडी मारत होतं.

“मला ते चाललं असतं,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे,” मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज फुटला, त्यांनी खिडकीचा गज धरला आणि थांबून, एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, “माझ्या हातात तेवढंच होतं, बाई. बाकीचा देश दुसऱ्यांनी बिघडवला. तेवढा मी बिघडवला.”